वॉर्सातील प्रहसन

विनोदाला काळवेळ पाहावी लागते, असे जाणती माणसे सांगत आली आहेत. शेजारच्या घरी सुतक असेल तर आपल्या दारची सनई थांबवावी, ही आपल्याकडची जुनी रीत. मग एका सबंध राष्ट्रावर मरणकळा ओढवलेली असताना, आणि शत्रू त्या राष्ट्राच्या राजधानीत ठाण मांडून बसलेला असताना, त्याच राजधानीत घडणारे प्रहसन कोणी रचले, तर त्याला काय म्हणावे? १९४२ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील प्रेक्षकांपुढे व टीकाकारांपुढे हा प्रश्न येऊन उभा राहिला. तो उभा करणाऱ्या चित्रपटाचे नाव 'टू बी ऑर नॉट टू बी' आणि दिग्दर्शकाचे नाव अर्न्स्ट लुबिच.

चित्रपटाचा आरंभच प्रेक्षकाला चकवणारा आहे. १९३९ चा ऑगस्ट महिना. स्थळ पोलंडची राजधानी वॉर्सा. दुकानांवरील पाट्या एकामागून एक दिसतात: लुबिन्स्की, कुबिन्स्की, रोझान्स्की, पोझनान्स्की. युद्ध अजून सुरू झालेले नाही. आणि भर रस्त्यात, खाद्यपदार्थांच्या एका दुकानासमोर, एकटाच हिटलर उभा! येणारे जाणारे जागच्या जागी थिजतात. हा इथे आला कसा? मग उलगडा होतो, की हा ब्रॉन्स्की नावाचा एक दुय्यम नट आहे. त्याची नाटकमंडळी नाझींची खिल्ली उडवणारे एक नाटक बसवीत आहे. निर्मात्याला त्याचे सोंग पटत नाही. हा तर मिशीचा ठिपका लावलेला एक साधा माणूस दिसतो, अशी त्याची तक्रार. रंगभूषाकार उत्तर देतो की, हिटलर तरी दुसरा कोण आहे? सोंग वठले आहे हे सिद्ध करण्यासाठी ब्रॉन्स्की रस्त्यावर उतरतो, गर्दी जमते, आणि एक लहान मुलगी पुढे होऊन ब्रॉन्स्कीसाहेबांची सही मागते. सारा डाव तिथेच फसतो.

ह्या एका प्रसंगात चित्रपटाचे सारे बीज आहे. हुकूमशहा म्हणजे वेष, मिशी आणि समोरच्या माणसांची भीती. ह्यांतील भीती वजा केली की मागे एक नट उरतो. पुढील दीड तास लुबिच हेच वेगवेगळ्या तऱ्हांनी दाखवीत जातो.

कथा थोडक्यात अशी. हिटलरची मर्जी जाऊ नये म्हणून सरकार त्या नाटकावर बंदी घालते आणि मंडळी आपले जुनेच 'हॅम्लेट' लावतात. हॅम्लेटची भूमिका करणारा योसेफ तुरा हा स्वतःला पोलंडचा थोर नट समजणारा गृहस्थ, आणि त्याची पत्नी मारिया खरोखरीची लोकप्रिय अभिनेत्री. तिच्यावर लुब्ध झालेल्या एका तरुण वैमानिकाला तिने सांगून ठेवलेले असते की, माझा नवरा ते प्रसिद्ध स्वगत म्हणू लागला की रंगपटात भेटायला यावे. कारण तो ते लवकर आटोपत नाही. म्हणून तुराने तोंड उघडले की दुसऱ्या रांगेतील हा तरुण उठून चालू लागतो. मराठी रसिकांना ह्या स्वगताचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आगरकरांच्या 'विकारविलसिता'तून ते मराठीत आले आणि गणपतराव जोशांनी ते मराठी रंगभूमीवर गाजवले. त्या स्वगताच्या पहिल्या शब्दाला प्रेक्षक उठून गेला, तर नटाच्या जिवाचे काय होईल! वर प्रॉम्प्टर ते पहिले तीन-चार शब्दसुद्धा तुराला खालून पुरवतो, तेव्हाची त्याची मुद्रा पाहण्यासारखी आहे.

मग बॉम्ब पडतात. त्याच पाट्या आता मोडून लोंबकळताना दिसतात. वैमानिक इंग्लंडला पोहोचतो. आणि तिकडून एक देशद्रोही प्राध्यापक पोलंडमधील गुप्त कार्यकर्त्यांची नावे-पत्ते घेऊन वॉर्साला निघाला आहे, असे उघडकीस येते. ती यादी गेस्टापोच्या हाती पडण्यापूर्वी मिळवायची, तर हाताशी आहे काय? नाटकाचे पडदे, बंदी घातलेल्या नाटकातील नाझी गणवेष, दाढ्यामिशा आणि काही हौशी अहंकारी नट. तुरा आधी प्राध्यापकापुढे गेस्टापोचा कर्नल होतो, मग खऱ्या कर्नलपुढे तोच प्राध्यापक होतो. दोन्ही वेळा जीव मुठीत असतानासुद्धा तो संधी साधून विचारतोच, की तो थोर नट योसेफ तुरा आपल्या ऐकिवात आहे काय?

हे सारे रचणारा लुबिच कोण होता, हे येथे सांगितले पाहिजे. कारण पुढे त्याच्यावर जो आरोप झाला तो त्याच्या जन्मस्थानाला धरून झाला. १८९२ साली बर्लिनमध्ये एका ज्यू शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो माक्स राइनहार्टच्या प्रसिद्ध नाट्यसंस्थेत लहानसहान भूमिका करी. म्हणजे ज्याच्या वाट्याला नेहमी भाला धरून मागे उभे राहणे येते, अशा नटाचे दुःख त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते. मूकपटांच्या काळात त्याने जर्मनीत नाव मिळवले. १९२२ साली मेरी पिकफर्डच्या निमंत्रणावरून तो हॉलिवूडला गेला, आणि बंद दरवाजा दाखवून दरवाजामागची गोष्ट सांगण्याच्या त्याच्या कसबाला लोक 'लुबिचचा स्पर्श' म्हणू लागले. १९३५ साली नाझी सरकारने त्याचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले. पुढे ज्यूंविरुद्ध विष पसरवण्यासाठी १९४० साली काढलेल्या एका प्रचारपटात त्याचे जुने चित्रण वापरण्यात आले. युरोपातून जीव घेऊन आलेल्या कलावंतांना आधार देण्यासाठी हॉलिवूडमध्ये जो निधी उभा राहिला, त्यात त्याने पुढाकार घेतला होता. आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी, जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या 'अथेनिया' ह्या जहाजावर त्याची दहा महिन्यांची मुलगी दाईसह प्रवास करीत होती. दोघी वाचल्या. असा हा माणूस पोलंडच्या दुःखाकडे काचेआडून पाहत होता, असे कोणी म्हणू नये.

त्याच्याबरोबर काम करणारी मंडळीही बहुतेक त्याच वाटेने आलेली. मूळ कथेची कल्पना हंगेरियन नाटककार मेल्किओर लेंग्येल याची, निर्मितीमागे मूळचा हंगेरियन अलेक्झांडर कोर्डा, छायाचित्रकार रुडॉल्फ माते तर क्राकूव्हमध्ये जन्मलेला. पटकथा लिहिली ती मात्र एडविन जस्टस मेयर ह्या अमेरिकन लेखकाने. भाला धरून उभ्या राहणाऱ्या ग्रीनबर्ग नावाच्या नटाची भूमिका फेलिक्स ब्रेसार्टने केली. तो १९३३ साली जर्मनी सोडून निघालेला ज्यू नट होता.

तुराच्या भूमिकेसाठी लुबिचने जॅक बेनीला आधीपासूनच मनात धरले होते. बेनी हा अमेरिकन नभोवाणीचा लाडका विदूषक. १९३२ पासून दर आठवड्याला त्याचा आवाज घराघरांत जाई. कंजूष, आत्मप्रौढ आणि एकोणचाळिशीच्या पुढे कधीच न जाणारा असा एक माणूस त्याने तेथे उभा केला होता. चित्रपटांत मात्र त्याचे म्हणावे तसे जमलेले नव्हते. तो विनोदी नट नसून विनोदी माणसाची भूमिका करणारा नट आहे, असे लुबिचने त्याला समजावल्याचे सांगतात. आणि ही पारख अचूक होती. मारियासाठी कॅरल लोम्बार्ड आली. हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटांत तिच्या तोडीची नटी त्या काळी विरळाच. लुबिच प्रत्येक हालचाल स्वतः करून दाखवी. थोराड, तोंडात सिगार, जर्मन वळणाचे उच्चार. आणि त्यातून मारिया तुराचा नखरा!

चित्रण ६ नोव्हेंबर १९४१ रोजी सुरू झाले. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. इतकेच नव्हे, तर हॉलिवूड देशाला युद्धात ओढू पाहत आहे, अशा तक्रारीवरून त्याच वर्षी सप्टेंबरात सिनेटच्या समितीने चौकशी चालवली होती. महिना उलटतो तोच ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. नाताळच्या तोंडावर चित्रण संपले, तेव्हा सेटवरील सगळीच माणसे युद्धात पडलेल्या देशाचे रहिवासी झाली होती. आरंभी जे धाडस होते, ते आता काहींना पोरखेळ वाटू लागणार होते.

ह्यावरही एक घाला पडायचा होता. जानेवारीत लोम्बार्ड युद्धकर्जाचे रोखे विकण्यासाठी आपल्या इंडियाना प्रांतात गेली आणि इंडियानापोलिसमध्ये एका दिवसात तिने वीस लाख डॉलरांहून अधिक रकमेचे रोखे खपवले. परतायचे आगगाडीने की विमानाने, ह्यावर नाणे उडवून निर्णय झाला असे सांगतात. १६ जानेवारी १९४२ च्या रात्री लास व्हेगासहून उडालेले ते विमान थोड्याच वेळात नेवाडातील पोटोसी पर्वतावर आदळले. लोम्बार्ड, तिची आई आणि लष्कराचे पंधरा वैमानिक धरून बावीस माणसे गेली. तिचे वय तेहेतीस. त्या रविवारी बेनीने नभोवाणीवर विनोद केला नाही. त्याच्या वेळेला नुसते संगीत लावण्यात आले. चित्रपटात मारियाच्या तोंडी, विमानात असे काय व्हायचे आहे, अशा अर्थाचे एक वाक्य होते. ते काढून टाकण्यात आले.

दुसरे एक वाक्य मात्र लुबिचने काढले नाही, आणि सारा वाद त्याच्याभोवती पेटला. प्राध्यापकाच्या सोंगात तुरा खऱ्या कर्नल एरहार्टला आपला नेहमीचा प्रश्न विचारतो: तो नट तुरा आपल्याला ठाऊक आहे काय? एरहार्ट सांगतो, हो, युद्धापूर्वी एकदा पाहिला होता. त्याने शेक्सपिअरचे जे केले, तेच आम्ही आता पोलंडचे करीत आहोत. खासगी खेळाला लोक तोपर्यंत खदखदून हसत होते. ह्या वाक्याला चित्रगृह एकदम गप्प झाले. खेळानंतर घरच्यांनी आणि मित्रांनी, त्यांत बिली वाइल्डरसारखे जाणकारही होते, ते वाक्य गाळण्याचा आग्रह धरला. लुबिच चिडला. गाळणार नाही म्हणाला.

ह्या हट्टाची फोड करून पाहण्यासारखी आहे. वाक्य बोलतो कोण? एक गेस्टापोचा अधिकारी. त्याच्या दृष्टीने एका राष्ट्राचा संहार आणि नाटकातील वाईट अभिनय ह्यांचे वजन सारखेच. दोन्हींवर तो पोट धरून हसतो. विनोद पोलंडवर नाही. तो तुराच्या अभिमानावर आहे आणि एरहार्टच्या बधिरपणावर आहे. परंतु विनोद कोणावर आहे हे ओळखायला क्षणभर थांबावे लागते, आणि ज्याच्या डोळ्यांपुढे पेटलेली शहरे आहेत त्याला तो क्षण परवडत नाही. गप्प झालेल्या प्रेक्षकांना दोष देता येत नाही, तसा लुबिचलाही देता येत नाही. ते वाक्य गेले असते तर एरहार्ट नुसता गंमतीदार ढेरपोट्या झाला असता, आणि तीच खरी बेपर्वाई ठरली असती.

'न्यूयॉर्क टाइम्स'चे टीकाकार बॉस्ली क्राउदर यांना चित्रपट निर्दय आणि भेसूर वाटला. वॉर्साच्या विध्वंसाच्या पार्श्वभूमीवर असला उच्छाद कसा सुचतो, हे त्यांना उमजेना. चांगले म्हणणारेही निघाले. लोम्बार्डच्या शेवटच्या भूमिकेबद्दल हळहळ तर सर्वांनाच होती. फिलाडेल्फियातील एका वृत्तपत्राने मात्र पुढल्या वर्षी लुबिचच्या दुसऱ्याच चित्रपटाचे परीक्षण लिहिताना ह्या बर्लिनमध्ये जन्मलेल्या दिग्दर्शकाने वॉर्साच्या बॉम्बवर्षावात मौज शोधली, असा उल्लेख केला. 'बर्लिनमध्ये जन्मलेल्या' हे दोन शब्द त्याला किती लागले असतील, हे त्याचे चरित्र पाहिले की कळते. त्याने पत्राने निषेध नोंदवला: आपण पोलंडची टर उडवलेली नाही, संकटात दुसऱ्याच्या खांद्यावर डोके टेकून न रडणारे, काळ्याकुट्ट दिवसांतही धैर्य, हिकमत आणि विनोदबुद्धी न सोडणारे लोक म्हणून त्यांना रंगवले आहे, अशी त्याची बाजू होती.

१९४२ च्या मार्चअखेर 'टाइम्स'मध्येच त्याने जे उत्तर छापले, ते ह्याहून मोलाचे आहे. आपण छळकोठडी किंवा चाबकाचे फटके दाखवले नाहीत, हे तो मान्य करतो. कारण आपले नाझी ती पायरी केव्हाच ओलांडून गेले आहेत. क्रौर्य हा आता त्यांचा रोजचा धंदा झाला असून, दुकानातला विक्या एखाद्या बायकी पिशवीच्या खपाविषयी बोलतो तसे ते मारहाणीविषयी बोलतात. हे लिहिले गेले तेव्हा पुढचे काहीच लुबिचला ठाऊक नव्हते. बर्लिनच्या वानसे उपनगरात सरकारी अधिकाऱ्यांनी टेबलाभोवती बसून ज्यूंच्या संहाराची व्यवस्था लावली, ती बैठक २० जानेवारी १९४२ ला, म्हणजे लोम्बार्डच्या मृत्यूनंतर चौथ्या दिवशी झाली. आणि त्याच वर्षी २२ जुलैपासून वॉर्साच्या ज्यू वस्तीतून माणसांनी भरलेल्या आगगाड्या ट्रेब्लिंकाकडे सुटू लागल्या. दोन महिन्यांत सुमारे अडीच लाखांहून अधिक माणसे नेण्यात आली. ह्या गाड्यांची वेळापत्रके ज्या थंड मनाने आखली गेली, तेच मन लुबिचने ओळखले होते. छळछावणीवाला एरहार्ट असे आपल्याला लंडनमध्ये म्हणतात, हे ऐकून खरा एरहार्ट खूष होतो. तुराने त्याचे सोंग घेतले होते तेव्हा तोही नेमका असाच खूष झाला होता. नटाने केलेली अतिशयोक्ती ही अतिशयोक्ती नव्हतीच.

चार्ली चॅप्लिनने ह्याआधी, १९४० साली, 'द ग्रेट डिक्टेटर' काढला होता. छळछावण्यांतील खरी भीषणता तेव्हा ठाऊक असती तर आपण तो चित्रपट काढू शकलो नसतो, असे चॅप्लिनने १९६४ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. लुबिचला असा मागे वळून पाहण्याचा अवकाश मिळाला नाही. ३० नोव्हेंबर १९४७ रोजी तो हृदयविकाराने गेला. परंतु चॅप्लिनने अखेरीस सोंग बाजूला ठेवून प्रेक्षकांशी थेट भाषण केले. लुबिचने तसे कोठेच केले नाही. त्याने भाषण दिले ते ग्रीनबर्गला, आणि तेही उसने. आयुष्यभर भाला धरलेल्या ह्या नटाला एकदा तरी शायलॉक करायचा असतो. ज्यूलाही डोळे असतात, टोचले तर त्याचेही रक्त निघते, हे शायलॉकचे प्रसिद्ध बोल तो तीनदा म्हणतो: प्रथम रंगपटामागे मित्रापाशी, मग बर्फाने झाकलेल्या उद्ध्वस्त वॉर्सात फावडे हाती घेऊन, आणि शेवटी नाझी सैनिकांच्या गराड्यात, तोतया हिटलरच्या तोंडावर. आपली हौस फिटते तीही अशा रंगमंचावर, की जिथे चुकले तर गोळी! 'ज्यू' हा शब्द मात्र संपूर्ण चित्रपटात एकदाही उच्चारला जात नाही. शेक्सपिअरच्या ओळीतूनसुद्धा तो काढलेला आहे. तो संकोच हॉलिवूडचा होता. ब्रेसार्टच्या चेहऱ्यामुळे त्या गाळलेल्या शब्दाची उणीव भासत नाही.

युद्ध संपले, आणि चित्रपटाचे दिवस पालटले. पश्चिम जर्मनीत तो १९६० साली आला. १९८३ साली मेल ब्रूक्स आणि अॅन बँक्रॉफ्ट ह्या नवराबायकोने तो नव्याने करून पाहिला. आपल्याकडे २००८ साली 'मान गए मुग़ल-ए-आज़म' नावाने त्याचा हिंदी अवतार निघाला. त्यात वॉर्साच्या जागी गोव्यातील नाटकमंडळी आणि 'हॅम्लेट'च्या जागी सलीम-अनारकली आले. चित्रपट पडला, आणि त्याचे नवल वाटत नाही. बेतलेल्या संकटावर हा विनोद तरत नाही. मूळ चित्रपटाला १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदपटात स्थान मिळाले. क्राउदर यांच्या परीक्षणात आता लोकांना टीकाकाराची चूक दिसते. ती तितकी साधी चूक नव्हती. त्यांनी तो चित्रपट पाहिला तेव्हा वॉर्सा मुक्त व्हायला अजून जवळजवळ तीन वर्षे होती.

जॅक बेनीचे वडील मायर कुबेल्स्की हे रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेले धर्मनिष्ठ ज्यू. इलिनॉयमधील वॉकीगन गावी त्यांनी दुकान चालवून संसार केला होता. मुलाचा नवा चित्रपट लागला म्हणून ते मोठ्या हौसेने चित्रगृहात गेले. पडदा उजळला; थोड्याच वेळात मुलगा नाझी गणवेषात, हात उंचावून हिटलरला सलामी देताना दिसला. म्हातारा उठला आणि बाहेर चालता झाला. पुढे कितीतरी दिवस तो मुलाशी बोलेना. अखेर बेनीने कसाबसा त्यांचा अबोला सोडवला. ते नाटकातले नाटक आहे, तो गणवेष नाझींना फसवण्यासाठी आहे, हे पटवून दिले आणि पुन्हा एकदा जाऊन शेवटपर्यंत बसण्याची गळ घातली. ते गेले. मग पुन्हा गेले. वडिलांनी तो चित्रपट शेहेचाळीस वेळा पाहिला, असे बेनी सांगत असे.